नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी : बाबासाहेबांची १९१७ ते १९२३ ही सहा वर्षे

बाबासाहेबांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन, पदव्यांची यादी आणि शेवटी टाळ्या. यादी खरी आहे आणि टाळ्याही योग्य आहेत. पण त्या यादीच्या मधोमध एक मोठी खंडित जागा आहे. १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना लंडन सोडावे लागले आणि १९२० मध्ये ते पुन्हा तिथे गेले. मधल्या तीन वर्षांत ते विद्यार्थी नव्हते. संसार चालवणारे, नोकरी शोधणारे, नोकरी करणारे आणि पै पै साठवणारे गृहस्थ होते. परत जाण्याची तयारी त्यांनी याच तीन वर्षांत केली.

आज आपल्या समाजात तीस-पस्तिशीचे अनेक तरुण-तरुणी आहेत, ज्यांना हातातली नोकरी सोडून पुन्हा विद्यापीठात जायचे आहे. कुणाला कंपनीतून बाहेर पडून वकिली करायची आहे, कुणाला शिक्षकाची नोकरी सोडून संशोधन करायचे आहे. वय झाले, जबाबदारी आहे, पैसा नाही, ही तीन कारणे बहुतेकांना अडवतात. बाबासाहेबांपुढेही हीच तीन कारणे होती, आणि शिवाय चौथे होते, जातीचे. म्हणून त्या सहा वर्षांचा हिशेब नीट मांडून पाहू.

अर्धवट सुटलेला अभ्यास

१९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. बदल्यात शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध तयार झाला आणि त्याच वर्षी ते लंडनला पोहोचले. तिथे एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. संस्थानकडून परत येण्याचा निरोप आला. अभ्यास अर्ध्यावर होता आणि पहिले महायुद्ध सुरू होते. अशा वेळी बहुतेक माणसे सामान बांधतात आणि निघतात. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी एक काम केले, ज्यावर पुढचे सारे उभे राहिले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवता येईल. एका विद्यार्थ्याने परत येण्यासाठी उघडा ठेवून घेतलेला हा दरवाजा होता. त्याला मुदतही होती. ऑक्टोबर १९२१ नंतर तो बंद होणार होता.

परतीच्या प्रवासात ते एका बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. न्यूयॉर्कमध्ये पोट मारून जुन्या बाजारातून जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. वय २६. पदवी परदेशी, खिसा रिकामा.

बडोद्याचे अकरा दिवस

कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले. महाराजांच्या मनात त्यांना अर्थखात्यात मोठ्या पदापर्यंत न्यायचे होते. सुरुवातीला त्यांना लष्करी सचिवाच्या कामावर घेतले. पण राहायला जागा कुठे? हिंदू खाणावळ देणार नाही, ओळखीचे लोक ठेवून घेणार नाहीत. शेवटी ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नावाने राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना खोली सोडावी लागली. दुपारी चारला बाहेर पडलेल्या बाबासाहेबांची मुंबईची गाडी रात्री नऊची होती. ते पाच तास त्यांनी कमाठी बागेत काढले.

या प्रसंगावर आपण अनेकदा बोलतो. आज तो शिक्षण आणि नोकरी यांच्या अंगाने पाहू. त्या काळी परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसासाठी संस्थानची नोकरी ही सगळ्यात सुरक्षित वाट होती. पद होते, पगार होता, राजाचा पाठिंबा होता. तरीही कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत होता आणि गावात डोके टेकायला जागा नव्हती. पदवी मोठी असली, राजा चांगला असला, तरी नोकरी समाजाच्या आतच करावी लागते, हा धडा बडोद्याने दिला. पुढे बाबासाहेबांनी स्वतंत्र व्यवसायाचा रस्ता धरला, त्याची एक मुळी इथे आहे असे मानायला भरपूर आधार आहे.

मुंबईत हात-पाय मारणे

बडोद्याहून परतल्यावर घर चालवायचे होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या, रमाई, लहानगा यशवंत, वहिनी, पुतण्या. वडील सुभेदार रामजी १९१३ मध्येच गेले होते. बाबासाहेबांनी मिळेल ते काम केले. विद्यार्थ्यांच्या शिकवण्या घेतल्या. व्यापारी आणि शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी एक छोटी कचेरी काढली. सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कचेरी बंद करावी लागली.

पण याच धावपळीत त्यांनी अभ्यासाचा धागा तुटू दिला नाही, आणि हा मुद्दा परत शिकायला निघालेल्यांनी लक्षात ठेवावा. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच काळात बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावर त्यांनी परीक्षण लिहिले. या लेखनाने घरात धान्य येत नव्हते. पण विद्यापीठापासून दूर असतानाही ते विषयात जिवंत राहिले.

सिडनहॅम : पगार, घागर आणि बचत

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकाकडे फारसे लक्ष दिले नाही. नंतर त्यांची तयारी, मांडणी आणि अभ्यास पाहून वर्ग भरू लागला, दुसऱ्या कॉलेजातले विद्यार्थीही परवानगी काढून ऐकायला येऊ लागले. पण प्राध्यापकांच्या खोलीत ठेवलेल्या घागरीतले पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतलीच. वर्गात गुरू आणि पाण्यापाशी अस्पृश्य, असा तो दीड वर्षांचा काळ होता.

४५० रुपये मिळू लागल्यावर कुणीही चाळ सोडली असती. चांगल्या वस्तीत जागा, घरात थोडे सामान, बायकोच्या अंगावर थोडे सोने, यात काही गैर नव्हते. बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. राहणीमान शिकवण्या घेत होते त्या दिवसांसारखेच ठेवले आणि पगारातला मोठा वाटा लंडनसाठी बाजूला काढला. रमाईंनी ठरलेल्या तुटपुंज्या रकमेत सगळ्यांचे भागवले. नवऱ्याला मोठा पगार आहे हे माहीत असूनही काटकसरीत राहणे हे गरिबीत राहण्यापेक्षा अवघड असते, कारण तिथे रोज स्वतःला अडवावे लागते. लंडनच्या निधीतला पहिला वाटा रमाईंचा आहे, हे आपण यादी वाचताना विसरता कामा नये.

नोकरीची आणखी एक अडचण होती. सिडनहॅम हे सरकारी कॉलेज. जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ‘मूकनायक’ सुरू झाले, पण सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून बाबासाहेबांचे नाव त्यावर नव्हते, पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. समाजाचा आवाज बनू पाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या पत्रावर स्वतःचे नाव घालता येत नव्हते. अशा माणसाला पोटासाठी असा व्यवसाय हवा होता, ज्यात वरिष्ठाची परवानगी लागत नाही. वकिली हा तसा व्यवसाय होता. ग्रेज इनमध्ये नाव आधीच घातलेले होते.

निघण्याची तयारी

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. त्याच महिन्यात माणगावची परिषद झाली. शाहू महाराज तिथे आले आणि त्यांनी बाबासाहेबांकडे समाजाचा नेता म्हणून बोट दाखवले. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरची परिषद झाली. समाज नेता म्हणून पाहू लागला होता आणि नेमक्या त्याच वेळी हा नेता पुन्हा विद्यार्थी व्हायला निघाला होता. त्या वेळी कुणालाही वाटले असते की आता चळवळ सोडून जाणे बरे नाही. बाबासाहेबांनी उलटा हिशेब केला. विद्यापीठाची मुदत एकदा गेली तर परत मिळणार नव्हती आणि पुढची सगळी लढाई कायदा आणि अर्थकारणाच्या मैदानात लढायची होती. म्हणून त्यांनी ‘मूकनायक’ची व्यवस्था लावून दिली आणि निघाले.

पैशांची जुळवाजुळव तीन ठिकाणांहून झाली. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज. नवल भथेना हे कोलंबियाच्या दिवसांपासूनचे मित्र, धर्माने पारशी. बडोद्यात पारशी विश्रामगृहातून ज्यांना बाहेर काढले गेले, त्यांच्या लंडनच्या शिक्षणाला एका पारशी मित्राने हात दिला. माणसाला जमातीवरून तोलू नये हे बाबासाहेब लोकांना सांगत. इथे ते त्यांच्याच आयुष्यात घडलेले दिसते.

जुलै १९२० मध्ये ते बोटीत बसले. वय २९. विद्यापीठाची मुदत संपायला अजून वर्षाहून अधिक काळ हाती होता. शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याऐवजी पैसा पुरेसा झाला की लगेच निघायचे, असा हा हिशेब दिसतो.

लंडनमधली तीन वर्षे

या वेळचे लंडन अवघड होते. शिष्यवृत्ती नव्हती. खर्चाचा प्रत्येक पौंड स्वतःचा किंवा उसना होता. सकाळी घरमालकिणीने दिलेला थोडासा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, शिवाय इंडिया ऑफिस आणि विद्यापीठाची ग्रंथालये. गाडीभाडे वाचवण्यासाठी पायी चालणे. रात्री भूक लागली की बोव्हरिलचा एक कप आणि ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खाणे, आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचन. बोव्हरिल म्हणजे मांसाचा अर्क, गरम पाण्यात घालून प्यायचा. तेच रात्रीचे जेवण.

अभ्यासाची गती पाहा. १९२० च्या सप्टेंबरअखेर त्यांनी पुन्हा अभ्यास सुरू केला आणि जून १९२१ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण. कोलंबियात ज्या सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला होता, त्याच्याच शेजारचा हा विषय. इतक्या लवकर हे झाले, याचे कारण केवळ असामान्य बुद्धी नव्हे. दिशा बदलली तरी आधीची शिदोरी त्यांनी फेकून दिली नाही. जुन्या अभ्यासावर नवा मजला चढवला.

त्याच वेळी ग्रेज इनचे काम चालू होते. बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षा तर द्याव्या लागतच, शिवाय इनच्या भोजनगृहात ठरलेली भोजने घेऊन सत्रे भरावी लागत. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. त्याआधी एप्रिल १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला.

या प्रबंधाच्या विषयाला त्यांच्या परिस्थितीशी एक विचित्र नाते आहे. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या बराच वर चढला होता आणि १९२१ पर्यंत तो दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. भारतातून रुपये पाठवणाऱ्याला आता पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास पौंड मिळत. उसन्या पैशांवर लंडनमध्ये राहणारा एक विद्यार्थी नेमक्या याच प्रश्नावर लिहीत होता : रुपयाची किंमत कुणाच्या हिताने ठरते आणि ती अस्थिर झाली की कुणाचे नुकसान होते. विषय पुस्तकातून आला असला, तरी त्याची झळ त्यांच्या रोजच्या खर्चाला बसत होती.

पदवी लगेच मिळाली नाही

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंधातला काही भाग पुन्हा लिहायला सांगितला. ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावर त्यात केलेली टीका त्यांना झोंबली होती. थांबून दुरुस्ती करायला पैसे नव्हते. बाबासाहेब परतले आणि १४ एप्रिल १९२३ रोजी, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, मुंबईत उतरले. हातात बॅरिस्टरी होती, डॉक्टरेट नव्हती. इथे मुंबईत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला, निष्कर्ष मात्र तेच ठेवले, आणि ऑगस्टमध्ये लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुस्तकरूपाने निघाला आणि त्याला प्रस्तावना प्रा. कॅनन यांची होती. ज्या शिक्षकाने १९१७ मध्ये परतीची वाट मोकळी ठेवायला मदत केली, त्याच शिक्षकाने शेवटी पाठ थोपटली, मतभेद असतानाही.

वकिली सुरू करण्यासाठी सनद घ्यायची होती. तिच्यासाठीही जवळ पैसे नव्हते, आणि पुन्हा नवल भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांनी काम सुरू केले. गिऱ्हाईक लगेच आले नाही. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला खटले द्यायला तयार नव्हती. म्हणून त्यांनी जिल्ह्यांतली कामे घेतली आणि १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घरखर्च भागवला. नवा व्यवसाय पायावर उभा राहायला वर्षे लागली.

पण हव्या असलेल्या गोष्टी मिळाल्या. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकर आणि इतरांची बाजू मांडून निर्दोष सुटका मिळवली. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांना कुणा वरिष्ठाची रजा मागावी लागली नाही. नंतर त्या तळ्याचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. ग्रेज इनची वाट चवदार तळ्यापर्यंत अशी आली.

या हिशेबातली उणी बाजू

बाबासाहेबांचे चरित्र सांगताना आपण किंमत सांगायची टाळतो. पाच मुलांपैकी फक्त यशवंत जगला. औषधपाण्याला, पोटाला, विश्रांतीला जे हवे होते ते त्या घरात अनेकदा नव्हते. १९२० ते १९२३ ही तीन वर्षे रमाईंनी परळच्या दोन खोल्यांत नवऱ्यावाचून काढली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या दिवसांत त्यांनी सोबत सोसल्याची नोंद केली. कुणाच्या जिवावर आपण शिकलो, याची जाणीव त्यांना होती.

म्हणून आज घरातला कुणी पुन्हा शिकायला निघतो तेव्हा घरातल्या दुसऱ्या माणसाशी आधी बोलणे झाले पाहिजे. किती महिने, किती पैसे, आजारपण आले तर काय, हे कागदावर लिहून दोघांनी पाहिले पाहिजे. आणि ही संधी सुनेला, मुलीला, बायकोलाही मिळाली पाहिजे. रमाईंच्या वाट्याला त्याग आला, पुस्तक आले नाही. आपल्या पिढीने तेवढी दुरुस्ती करावी.

बाबासाहेबांनी स्वतः केलेली दुरुस्ती संस्थेच्या रूपात आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता यावे. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणाऱ्या हजारोंनी या वर्गांत बसून पदव्या घेतल्या. पुन्हा शिकण्यासाठी नोकरी सोडून सातासमुद्रापार जावे लागलेल्या माणसाने इतरांना नोकरी न सोडता शिकता येईल अशी सोय केली.

ज्यांच्या मनात पुन्हा विद्यापीठात जायचे आहे, त्यांनी या सहा वर्षांतून एवढे उचलावे : सुटलेल्या अभ्यासाची कागदपत्रे आणि मुदती आजच तपासाव्यात, पगार वाढला तरी खर्च वाढवू नये, आधीची शिदोरी नव्या विषयात कशी लागू पडेल ते पाहावे, मदत मागायला लाजू नये आणि पहिल्या प्रयत्नात प्रबंध परत आला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, तिचे अर्ज दरवर्षी निघतात. रात्रीची, सकाळची आणि दूरशिक्षणाची महाविद्यालयेही आहेत. आपल्या विहारात येणाऱ्या अशा एखाद्या ताईला किंवा दादाला अर्ज भरायला मदत करणे, हेही जयंतीइतकेच बाबासाहेबांचे काम आहे.

जय भीम.